एफवायच्या फिजिक्सची थिअरी ऑनलाईन केली तर बिघडतं काय?

बदलापूर_स्लो
भाची यंदा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, फिजिक्स मेजर. बदलापूर ते सीएसएमटी, दीड तास जायला दीड तास यायला, गाड्या रखडल्या की मग देवाक काळजी. कॉलेजने सांगितलंय की मेकॅनिक्सचा थिअरी पेपर स्वयमवरून (केंद्र सरकारचं ऑनलाईन कोर्सचं पोर्टल) केला तरी क्रेडिट धरू, प्रॅक्टिकल मात्र कॉलेजातच. म्हणजे हे काही कॉलेजच्या डोक्यातून आलेलं नाही, यूजीसीचा 2021 चा नियमच आहे, एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. माझं मत विचाराल तर बिनधास्त करावं. आयआयटीतले प्राध्यापक फुकटात शिकवतायत, थांबवून थांबवून बघता येतं, आणि न्यूटनचे नियम बदलापूरला वेगळे नसतात. पण घरात ताई-भावजी म्हणतात फिजिक्स असं घरी बसून होत असतं का. तर इथे विचारतोय, होत असतं का? विरोधातले पण लिहा, पण कारण द्या, नुसतं "आमच्या वेळी" नको.

खडू_डस्टर
आमच्या वेळी नको म्हणालात म्हणून आत्ताचंच सांगतो. मी निवृत्त झालो पण अजून मुलं घरी येतात शंका घेऊन. उतारावर ठोकळा ठेवलाय आणि तो घसरत नाहीये, घर्षण किती? दहातली आठ मुलं डोळे मिटून μN लिहितात, म्हणजे घर्षणांक गुणिले पृष्ठभागाचं लंब बळ. अरे तो घसरतच नाहीये, तर घर्षण mg sinθ, म्हणजे वजनाचा उताराच्या दिशेतला भाग, एवढंच असणार, μN ही फक्त वरची मर्यादा. आता गंमत अशी की हे प्रत्येक व्हिडिओत सांगितलेलं असतं, आणि व्हिडिओ बघून मुलगा मान डोलावतो, आणि पुढच्या गणितात परत μN. वर्गात मी फळ्यापाशी बोलावतो, बाण काढायला लावतो, हात कुठे अडखळतो ते दिसतं मला. व्हिडिओला तुमच्या भाचीचा हात दिसत नाही. पहिल्या वर्षाचं फिजिक्स म्हणजे नवीन माहिती कमी आणि डोक्यात आधीपासून बसलेलं चुकीचं काढणं जास्त, आणि ते समोर माणूस असल्याशिवाय कठीण आहे.

अर्धवट_इंजिनियर
सर तुमचा वर्ग कुठे होता हो, आम्ही का नाही आलो तिकडे 😀 आमच्याकडे एका वर्गात शंभराच्या वर पोरं, सर फळ्याकडे तोंड करून डेरिव्हेशन उतरवणार, आम्ही वहीत उतरवणार, बेल. फळ्यापाशी बोलावलं ते फक्त फळा पुसायला. आणि मी मराठी मीडियममधून आलेलो, पहिले दोन महिने इंग्रजीतून नक्की काय चाललंय हेच कळायचं नाही आणि हात वर करायची सोय नाही कारण मागचे हसणार. मला रोटेशनल मोशन कोणी शिकवलं असेल तर एनपीटेलने (आयआयटीवाल्यांचे व्हिडिओ कोर्स), एकेक वाक्य मागे नेऊन नेऊन, खाली सबटायटल लावून. व्हिडिओ हसत नाही, हा केवढा मोठा फायदा आहे ते वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना नाही कळणार. लोक तुलना करताना कायम सगळ्यात चांगला वर्ग घेतात आणि सगळ्यात वाईट ऑनलाईन घेतात.

लीस्ट_काउंट
थिअरीचं तुम्ही भांडा, मी प्रयोगशाळेत काम करतो म्हणून त्यावर बोलतो. कोविडच्या वेळी प्रॅक्टिकल पण सिम्युलेशनवर झाली, ती बॅच पुढे माझ्याकडे आली. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवत रीडिंग घ्यायचं असतं, उलटं फिरवलं की बॅकलॅश, म्हणजे आट्यांतल्या ढिलेपणामुळे स्क्रू फिरतो पण मायक्रोस्कोप लगेच हलत नाही, हे एकालाही माहीत नव्हतं. कारण स्क्रीनवरच्या स्क्रूला बॅकलॅशच नसतो. पॅरॅलॅक्स (डोळा हलला की रीडिंग सरकणं) नसतो, झिरो एरर (शून्य दाखवायला हवं तिथे उपकरणाने भलतंच दाखवणं) असली तर प्रोग्रॅममध्ये घातलेली असते. साधा पेंड्युलम घ्या. मुंबईत g, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, साधारण 9.786 आहे, एक मीटर दोरीला 20 दोलनांना 40 सेकंदांच्या आसपास लागतात, हाताने स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंद इकडेतिकडे होणारच, म्हणजे g मध्ये एक टक्का, म्हणजे 0.1 चा फरक. ज्याचं उत्तर 9.7 आलं त्याने प्रयोग केला. ज्याचं पुस्तकातलं बरोब्बर 9.80 आलं त्याच्याकडे मी जरा निरखून बघतो.

अर्धवट_इंजिनियर
@लीस्ट_काउंट अहो पण मग खऱ्या लॅबमध्ये तरी काय होतं? सोडियम लाइट, न्यूटन्स रिंग, प्रकाशाची तरंगलांबी काढायची, अख्ख्या बॅचचं उत्तर पुस्तकातलं 5893 अँगस्ट्रॉम. सीनियरचं जर्नल आणायचं, उत्तर माहिती आहे तर उलटं गणित करून रीडिंग लिहायची, सही, संपलं. एका स्पेक्ट्रोमीटरवर पाच जण, त्यातला एक हात लावणार आणि चार जण व्हॉट्सअपवर. ही तुमची प्रत्यक्ष अनुभूती.

लीस्ट_काउंट
होतं तसं. नाकारत नाही. पण त्यावर उपाय व्हायवा कडक घेणं आणि बॅच लहान करणं हा आहे, लॅबला कुलूप लावणं हा नाही.

आकडे_बोलतात
दोन्ही बाजूंनी नुसते अनुभव चाललेत म्हणून थोडे आकडे टाकतो. अमेरिकेत रिचर्ड हेक नावाच्या माणसाने 1998 मध्ये साडेसहा हजार विद्यार्थ्यांचा, 62 कोर्सेसचा अभ्यास छापला, सगळे मेकॅनिक्सचेच पहिले कोर्स. कोर्सच्या आधी आणि नंतर एकच संकल्पनांची परीक्षा घ्यायची आणि जेवढं येत नव्हतं त्यातलं किती भरून निघालं ते मोजायचं. नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गांत सरासरी 23 टक्के. जिथे मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला लावतात, एकमेकांशी बोलायला लावतात, तिथे 48 टक्के. म्हणजे खडू सरांची फळ्यापाशी बोलावण्याची पद्धत दुप्पट चालते आणि अर्धवटरावांचे फळ्याकडे तोंड केलेले सर चालत नाहीत, दोघंही बरोबर. आता ऑनलाईनचं. एमआयटीच्या प्रिचर्ड वगैरेंनी 2013 मध्ये मेकॅनिक्सचा ऑनलाईन कोर्स घेतला आणि 2014 मध्ये निकाल छापला, शिकणं साध्या लेक्चरच्या वर्गापेक्षा थोडं जास्त निघालं, पण त्या प्रश्न-सोडव वर्गांच्या खालीच. तेव्हा ऑनलाईन की वर्ग हा प्रश्नच चुकीचा आहे, भाचीच्या कॉलेजात नक्की कुठल्या प्रकारचा वर्ग आहे ते आधी सांगा.

चाळीतली_आई
@आकडे_बोलतात ते एमआयटीवाल्या कोर्सला नाव किती जणांनी नोंदवलेलं आणि शेवटी किती उरले तेपण सांगा ना.

आकडे_बोलतात
17 हजारांच्या आसपास नोंदवलेले, बहुतेक सगळे मध्येच गळाले. शिकण्याचं जे मोजलंय ते टिकलेल्यांचं. मुद्दा मान्य.

चाळीतली_आई
तेच म्हणते मी. टिकणाऱ्याला काय, तो कंदिलाखाली पण शिकेल. आमच्याकडे बघा, 225 चौरस फुटांत आम्ही पाच माणसं, सासूबाईंची सिरियल, खाली मंडपाची तयारी, आणि नेट म्हणाल तर एका फोनचा हॉटस्पॉट दोघांत. माझ्या मुलाला कॉलेजची लायब्ररी ही एकमेव जागा आहे जिथे कोणी त्याला दूध आणायला पाठवत नाही. ऑनलाईन स्वस्त असं सगळे म्हणतात, तर ज्याच्या घरात दार लावून बसता येईल अशी खोली आहे त्याला स्वस्त. बाकी भाऊ, तुमच्या भाचीला वेगळी खोली आहे का ते लिहिलं नाहीत तुम्ही.

बदलापूर_स्लो
@चाळीतली_आई ताई खोली आहे, टू बीएचके आहे, बदलापूरला राहण्याचा तेवढा एकच फायदा. वर्ग कसा आहे ते तिला विचारलं. म्हणाली थिअरीचे सर बरे आहेत पण प्रोजेक्टरवर स्लाइड वाचतात. आणि म्हणाली मामा तुम्ही लोक काय ठरवायचं ते ठरवा, मला ट्रेनमध्ये झोप मिळते तेवढी पुरेशी आहे 😐

खडू_डस्टर
ट्रेनवरून आठवलं. गाडी सीएसएमटीहून सुटताना तुम्ही दारात उभे आहात, काही धरलेलं नाही. पायावर घर्षण कुठल्या दिशेला? ऑनलाईनवाल्यांनी उत्तर द्या.

अर्धवट_इंजिनियर
मागे. आपण मागे पडतो ना.

खडू_डस्टर
पुढे! गाडीचा वेग वाढतोय, तुमचाही वाढायला हवा, तर तुम्हाला पुढे ढकलणारं बळ कोणीतरी द्यायला हवं, ते फरशी देते पायाला. पाय गाडीबरोबर जातात आणि वरचं अंग जिथल्या तिथे राहू बघतं म्हणून मागे गेल्यासारखं वाटतं. μN सारखंच हे, नियम पाठ असतो आणि पाय मात्र वेगळं सांगत असतात.

पाणीपुरी_पारटाइम
हे करून बघता येतं बरं का, फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, फोनमधला सेन्सर वापरतं. लोकलच्या फरशीवर फोन आडवा ठेवायचा (गर्दी नसताना, नाहीतर फोनचं भजं होईल), g वगळलेलं त्वरण लावायचं, गाडी सुटली की अर्धा मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास आकडा दिसतो, ब्रेकला उलटा. त्याच वेळी वरच्या कड्या बघा, सगळ्या मागे झुकतात, कोनाचा टॅन अर्धा भागिले 9.8, म्हणजे तीन एक अंश. सगळ्या कड्या एकाच कोनात, लहान काय मोठी काय. घरबसल्या लॅब होत नाही म्हणणाऱ्यांनी निदान ट्रेनबसल्या होते एवढं मान्य करा.

लीस्ट_काउंट
मान्य, पण फोन जरा जरी कलला तरी g चा तुकडा त्यात मिसळतो, एक अंश कलला की 0.17, म्हणजे तुमच्या अर्ध्यातला तिसरा हिस्सा गेला. ते ॲप g वगळतं म्हणजे अंदाज बांधून वगळतं. गाडी उभी असताना आधी रीडिंग घ्या आणि ते वजा करा. याला झिरो एरर म्हणतात साहेब 🙏

अर्धवट_इंजिनियर
बघा म्हणजे, सरांनी मला आत्ता घर्षण शिकवलं, यांनी झिरो एरर शिकवली, सगळं ऑनलाईन. केस क्लोज.

खडू_डस्टर
शिकवलं कारण तुम्ही चुकीचं उत्तर दिलंत आणि ते मला दिसलं. व्हिडिओपुढे तुम्ही "मागे" म्हणाला असतात आणि तो पुढच्या धड्याला गेला असता. माझा विरोध इंटरनेटला नाहीच, न विचारणाऱ्या मास्तराला आहे, मग तो स्क्रीनवर असो नाहीतर प्रोजेक्टरपाशी. स्वयमवर चर्चेची जागा असते, तिथे आठवड्याला एक तरी शंका टाकणार असेल तर करू दे. आणि दर रविवारी कोणीतरी समोर बसून तिची गणितं बघायची, उत्तर नव्हे, आकृती बघायची.

आकडे_बोलतात
त्यात भर. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्याच मुलांवर केलेलं, 2019 ला छापलेलं काम आहे, छान घडवून दिलेलं लेक्चर ऐकलेल्या मुलांना वाटलं आपण जास्त शिकलो, आणि ज्यांना स्वतः झगडायला लावलं त्यांना वाटलं कमी शिकलो. परीक्षेत उलटं. त्यामुळे भाची "व्हिडिओ मस्त कळला" म्हणाली तर ते फार मनावर घेऊ नका.

पाणीपुरी_पारटाइम
स्वयमवरचा कोर्स एनपीटेलचा असेल तर एक व्यवहाराचं सांगतो, दर आठवड्याच्या असाइनमेंटला 25 टक्के आणि शेवटच्या परीक्षेला 75, आणि ती परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यावी लागते, दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं. असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरत असतात, 25 पैकी 25 आणि सेंटरवर दांडी गुल अशी पोरं बघितलीयत.

चाळीतली_आई
मला एक कळत नाहीये. एकच पेपर ऑनलाईन, बाकीचे सगळे कॉलेजात, त्यांना 75 टक्के हजेरी लागतेच. मग ती रोज जाणारच ना? वाचलं काय?

बदलापूर_स्लो
@चाळीतली_आई टाइमटेबल मागवलं आत्ता. गुरुवारी सकाळी फक्त मेकॅनिक्सची दोन लेक्चर आहेत, प्रॅक्टिकल दुपारी एकला. बाकी दिवशी काही फरक नाही. म्हणजे आठवड्यातून एक दिवस सातच्या गाडीऐवजी दहानंतरची, गर्दी ओसरलेली, बसायला मिळेल.

अर्धवट_इंजिनियर
बदलापूरहून दहानंतर बसायला मिळतं हे कुठल्या सिम्युलेशनमध्ये बघितलंत?