कोल्हापुरातनं ऑटोक्रॉस सुरू करायचंय, गाडी घरचीच स्विफ्ट. सल्ला द्या

घाटवेडा
रामराम मंडळी. वय २५, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर असतो. घरी २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. नावावर वडिलांच्या, पण चालवतो बहुतेक मीच. मध्यंतरी मित्राबरोबर मातीवरची ऑटोक्रॉस, म्हणजे आखलेल्या ट्रॅकवरची घड्याळाशी शर्यत, बघायला गेलो आणि तेव्हापासनं दुसरं काही सुचेना झालंय.

रेसिंगमधलं काहीच कळत नाही हे आधीच सांगतो. साठ-सत्तर हजार साठवलेत. मित्रमंडळाचं म्हणणं, आधी स्प्रिंगा कापून गाडी खाली घे, फ्री-फ्लो सायलेन्सर बसव, रुंद टायर टाक, मग बघू. हे बरोबर आहे का? लायसन्स वेगळं लागतं का? सरावाला पहाटे गगनबावड्याकडं जातोय, रस्ता मोकळा असतो, ते चालतंय न्हवं? आणि घरी काय सांगायचं, तेही कुणीतरी सांगा.

उद्यमनगरचा_पाना
भावा, घाटाचं आधी घेतो. तो सराव आजपासनं बंद. मोकळा रस्ता म्हणतोयस, पण सीझन सुरू झाला की पहाटे त्याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही. वळणापलीकडं तो उभा असेल तर तुझी रेसिंग लाइन काय कामाची? शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरं सांगायचं तर घाटात शिकायलाही काही मिळत नाही. गाडीची पकड कुठं सुटते हे कळायला ती सुटू द्यावी लागते, आणि दरीकडेला ती सुटू देणार कोण?

आता पैशाचं. स्प्रिंगा कापायच्या नाहीत. कापलेली स्प्रिंग गाडी उचलली की आपल्या बैठकीतनं निसटते, आणि मातीवर तर गाडी जितकी वर तितकं बरं. सायलेन्सरनं सेकंद कमी होत नाहीत. दिवाळी पाडव्याला गाडीमागं म्हशी पळवायला आवाज लागतो, घड्याळाला लागत नाही.

पहिल्या स्पर्धेला गाडी कंपनीनं दिली तशीच घेऊन जायची, फक्त धडधाकट करून. माझ्या हाताखाली आली तर मी हे बघेन: पुढचे लोअर आर्मचे बॉल जॉइंट, टाय रॉडचे एंड, व्हील बेअरिंगचा आवाज, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, इंजिन माउंटिंग. बॅटरीची पट्टी घट्ट पाहिजे, स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधी गाडी तपासतात तेव्हा, पोरं हातानं हलवून बघतात. ब्रेक ऑईल कधी बदललंयस? बहुतेक कधीच नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑईल ताजं असताना २०५ अंशाला उकळतं, ओल धरली की १४० वर येतं. आपल्याकडचे पावसाळे बघता दोन वर्षांनी बदलावंच. डॉट ४ भर, ताजं २३०, ओलं १५५. खर्च किरकोळ आहे.

मातीवर उतरणार असशील तर इंजिनखाली प्लेट हवी. तू मशीनवर आहेस, पत्रा कापून घेणं तुला अवघड नाही. ऑईलच्या ड्रेन बोल्टाखाली भोक ठेव, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला आख्खी प्लेट उतरवत बसशील. आणि प्लेट चाकाबरोबर हलणाऱ्या लोअर आर्मला नव्हे, इंजिनखालच्या पक्क्या आडव्या क्रॉस मेंबरला बांध.

तिसरा_गिअर
माहेर कोल्हापूर, सध्या पुण्यात. मी कोन लावून त्यांच्यामधनं नागमोडी गाडी काढायच्या स्लॅलमला जाते, त्यामुळे माझं सगळं त्या बाजूनं समज.

आधी हे बघ की तुला नेमकं कशात उतरायचंय. आपल्याकडं ऑटोक्रॉस म्हणजे बहुधा मातीचा ट्रॅक. अमेरिकेतले व्हिडिओ बघशील तर तिथं मोठ्या पार्किंगच्या डांबरावर कोन मांडलेले दिसतील, आपल्याकडच्या स्लॅलमसारखं. दोन्हीकडं शर्यत घड्याळाशीच असते, पण हात वेगळा लागतो. डांबरावर गुळगुळीत चालवणारा जिंकतो. मातीवर सकाळी टँकरनं पाणी मारलेलं असतं, पहिल्या गाड्यांना नुसता चिखल, दुपारी धुरळा आणि चाकोऱ्या. तिथं गाडी थोडी तिरकी चालवायची सवय लागते.

सुरुवात कोनांपासून कर असं मी म्हणेन. गाडीचे हाल कमी होतात आणि चुकीचा हिशोब लगेच मिळतो. कोनाच्या तळाभोवती फक्कीनं चौकोन आखलेला असतो. अमेरिकन नियमात कोन पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला की दोन सेकंद वाढतात, नुसता हलून रेघेवर राहिला तर माफ. आपल्याकडं दंडाचा आकडा स्पर्धेगणिक बदलतो, नियमपत्रक वाच. पण गेट, म्हणजे ज्या दोन कोनांमधनं जायचं ती वाट, चुकवलं तर ती फेरी गेली.

म्हणून ट्रॅक पायी फिरणं सगळ्यात महत्त्वाचं. नवीन पोरं गप्पा मारत एकदा फिरतात आणि मोबाईलवर व्हिडिओ काढतात. तू एकटा फीर, आणि मधेमधे गुडघ्यावर बस. गाडीत डोळे खाली असतात, उभ्यानं जो मार्ग दिसतो तो बसल्यावर कोनांच्या गर्दीत सापडत नाही. डोळे मिटून पूर्ण फेरी मनात म्हणता आली पाहिजे.

स्लॅलमच्या रांगेत सगळे एकच गोष्ट चुकतात, कोन आला की वळवायला लागतात. कोनाशेजारी पोचशील तेव्हा गाडी पुढच्या कोनासाठी वळायला लागलेली हवी. पहिल्या कोनाला उशीर झाला तर दुसऱ्याला जास्त होतो, चौथ्याला तू रांगेबाहेर. नजर दोन कोन पुढं. जवळच्या कोनाकडं बघितलंस की तोच उडतो.

सीट पुढं घे. पाठ टेकलेली ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आपली पोरं पलंगावर लोळल्यासारखी बसून गाडी चालवतात, तसं बसून जोरात स्टिअरिंग फिरवता येत नाही.

घाटवेडा
ताई, पाना भाऊ, लई आभार. घाट बंद, शब्द दिला. एबीएस नाही त्याचं काय? आणि हवा किती ठेवू?

तिसरा_गिअर
एबीएस नाही म्हणजे चाक लॉक झालं की गाडी सरळ जाणार, स्टिअरिंग कितीही फिरव. पाय पूर्ण उचलू नकोस, किंचित सोड, चाक फिरायला लागलं की पुन्हा दाब. हे डोक्यात असून उपयोग नाही, पायाला कळावं लागतं, ते बंद मैदानावर शीक. वळणात पुढचं टोक बाहेर जायला लागलं तर जास्त वळवायचा मोह होतो. उलट कर: स्टिअरिंग जरा सैल सोड, ॲक्सिलरेटर कमी कर, पुढच्या टायरला पकड परत येऊ दे.

हवा दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापासून सुरू. डांबरावर पुढं तीन-चार पीएसआय जास्त. मग टायरच्या खांद्यावर, जिथं बारीक त्रिकोण असतो, तिथं नक्षीपासनं त्रिकोणावरून खाली बाजूपर्यंत खडूची रेघ ओढ आणि एक फेरी मार. खडू त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा वाढव. त्रिकोणाच्या बराच वर खडू शिल्लक राहिला तर हवा जास्त झाली. दहा रुपयांचा खडू, रुंद टायरपेक्षा जास्त शिकवतो.

क्लेमवाला
विम्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वडिलांची पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादा असं जिथं लिहिलंय ते वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत संघटित रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे सरळ वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी पालथी झाली तर खर्च तुमचा. "रस्त्यात झालं" असं सांगून क्लेम टाकायचा सल्ला कुणी देईल, त्याच्या नादी लागू नका. सर्व्हेअरला चाकाच्या आत अडकलेला मुरूम दिसतो.

घरी काय सांगायचं हा प्रश्न त्यामुळं सोपा आहे. खरं सांगायचं. गाडी त्यांच्या नावावर आहे.

आप्पा_फाउंड्री
बाळ, सगळ्यांचं बरोबर आहे, पण तू गाडीपासून सुरुवात का करतोयस? कोल्हापुरात राहून? इथं मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांचा, ट्रॅक आहे, राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्यात. रेसर ध्रुव मोहिते इथलाच, रेसर कृष्णराज महाडिक इथलाच, तो ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला. दुसऱ्या गावच्या पोरांना कार्टसाठी गाव सोडून जावं लागतं.

कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही, मागचा अ‍ॅक्सल सलग, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. तू काय चूक करतोयस ते थेट पाठीला कळतं. भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, वळवता वळवता जोरात दाबलास की गर्रकन फिरणार. सरळ असताना ब्रेक, मग वळण, मग गॅस, हा क्रम तिथं अंगात भिनतो. बरगड्या दुखतात दोन दिवस, ते धरून चाल.

कोइमतूर बघ. तेही आपल्यासारखंच फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव. तिथं करी मोटर स्पीडवे उभा राहिला, आणि तिथल्या एका सीटच्या एलजीबी फॉर्म्युला ४ रेसिंग गाड्यांत इंजिन कुणाचं? तुझ्या स्विफ्टच्या थोरल्या भावाचं, १.३ लिटरचं. आपल्याकडं लेथ, मिलिंग, पॅटर्न, कास्टिंग सगळं दोन किलोमीटरच्या आत मिळतं, आणि आपण अजून सायलेन्सर कापतोय.

उद्यमनगरचा_पाना
आप्पा, शेवटचं वाक्य आमच्या गॅरेजच्या भिंतीवर लिहितो.

जुनी_झेन
माझं मत वेगळं आहे. घरची गाडी नकोच. साठ हजारांत कागदपत्रं नीट असलेली जुनी झेन किंवा ८०० शोध. वजन कमी, टायर स्वस्त, पार्ट कुठल्याही गल्लीत. मोडली तरी सोमवारी कामावर जायची गाडी दारात उभी राहते. घेताना खालचा पत्रा आणि पुढच्या शॉकअबच्या (स्ट्रटच्या) टोप्यांजवळचा गंज बघायचा, रंग नाही. कोकणातली गाडी असेल तर दोनदा बघायचा.

उद्यमनगरचा_पाना
गाडी साठ हजाराला येते, पण ती उभी करायला वर तेवढेच लागतात, ते कोण सांगणार? आणि पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीच्या पुन्हा नोंदणीचं लफडं वेगळंच. पहिलं वर्ष डांबरावर, स्विफ्टवर. मातीचा नाद लागलाच तर मग झेन.

जुनी_झेन
डांबरावर म्हणत असाल तर मान्य. मातीवर घरची गाडी घालणं मला पटत नाही, एवढंच.

तिसरा_गिअर
लायसन्सचं राहिलं. देशात मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय, तिच्या परवान्याखाली होणाऱ्या स्पर्धांना तिचं स्पर्धक लायसन्स लागतं, त्यासाठी डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र. कुठल्याही स्पर्धेत पैसे भरण्याआधी परवाना आहे का, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाची सोय आहे का, हे विचारायला लाजू नकोस. उत्तर गोलमाल आलं तर बघ्या म्हणून जा, गाडी घेऊन जाऊ नकोस.

पैशातला पहिला वाटा हेल्मेटला. नियमपत्रकात कुठलं प्रमाणपत्र मागितलंय ते बघूनच घे. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचे दोन प्रकार दिसतील: एम म्हणजे मोटरसायकलचं, एसए म्हणजे गाडीतल्या रेसिंगचं. एसएचं आतलं कापड आग सहन करणारं असतं आणि रोल केजवर (गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर) डोकं आपटेल हे धरून त्याची चाचणी होते. मापाला घट्ट पाहिजे, गाल दाबले गेले पाहिजेत. दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नकोस, एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरनं कळत नाही.

आणि पहिल्या स्पर्धेला स्पर्धक म्हणून नव्हे, मार्शल म्हणून जा. आयोजकांना माणसं कमीच पडत असतात. दिवसभर एका वळणावर झेंडा घेऊन उभा राहिलास की कोण कुठं ब्रेक मारतो, कुणाची गाडी कुठं घसरते, हे फुकटात बघायला मिळतं.

घाटवेडा
वडिलांशी बोललो. आधी शिव्या, मग म्हणाले पॉलिसी दाखव. वाचली. क्लेमवाले काका म्हणाले तसंच लिहिलंय. शेवटी ठरलं असं की गाडीला काही करायचं झालं तर पाना भाऊंकडं, आणि पहिले काही महिने फक्त कार्ट. रविवारी ते स्वतः बरोबर येणार आहेत. पाना भाऊ, नट ठरावीक जोरानं आवळायचा टॉर्क रेंच घेऊ का? फॅक्टरीतला बाहेर आणता येत नाही.

उद्यमनगरचा_पाना
घे, क्लिकवाला. नट मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळ, ताऱ्याच्या क्रमानं, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपास. स्क्रूटिनीच्या आधी स्टेपनी, जॅक, बाटल्या, दारातले कागद, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. चालकाच्या पायाखालचं मॅट विसरू नको. ते सरकून ब्रेकखाली गेलं की खेळ संपला.

नवीन_सभासद
माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. चालेल का की यायचंच नाही?

तिसरा_गिअर
चालेल. मॅन्युअल मोड असेल तर दुसऱ्या गिअरला लावून ठेव, नाहीतर ऐन वळणात वरचा गिअर टाकते. गाडीला ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर पहिल्या दिवशी चालूच ठेव.