डावा पुढचा टायर फक्त आतून घासतोय, अलाइनमेंट दोनदा करूनही

कोयनाकाठ:
नमस्कार. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेत. दर शनिवारी चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला आईकडे जाते, रविवारी परत. परवा पंक्चर काढायला चाक उतरवलं तेव्हा दिसलं, डावा पुढचा टायर आतल्या कडेला पार गोटा झालाय, एका ठिकाणी तार डोकावतेय. बाहेरची नक्षी मात्र शाबूत. टायर जेमतेम १४ हजार चाललाय, आणि तेवढ्यात अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोनदा केली. दोन्ही वेळा ‘ओके’ म्हणाले. गाडी सरळ जाते, स्टिअरिंग थरथरत नाही. कारण कळल्याशिवाय नवे टायर घालायची हिंमत होत नाही. घाट उतरताना तो फुटला असता तर, हे डोक्यातून जात नाहीये.

सह्यवाट:
ताई, घाटामुळेच असेल. वरंध्याने रोज ये-जा करणाऱ्यांचे पुढचे टायर लवकर जातात. हवा कमी ठेवता का?

पाना_बारा_तेरा:
घाटातल्या वळणांनी पुढचे टायर बाहेरच्या खांद्यावर घासतात, तेही दोन्ही. हवा कमी असेल तर दोन्ही कडा जातात, जास्त असेल तर मधला पट्टा. एकाच टायरची फक्त आतली कड गेली म्हणजे टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं) किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाक आत-बाहेर कललेलं).

ताई, आधी तो टायर काढून स्टेपनी लावा, आजच. मग उतरवलेल्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. तार उघडी आहे ती जागा सोडून. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं बोचलं तर टो. कुठूनच बोचलं नाही तर कॅम्बरवर संशय. अलाइनमेंटचा छापील कागद असेल तर आकडे इथे टाका.

कोयनाकाठ:
स्टेपनी लावली, काका. हात फिरवला, कुठेच बोचत नाही. कागदावर दोन्ही चाकांचा टो हिरवा आहे. कॅम्बर डावा उणे १ अंश ४० मिनिटं, उजवा उणे २० मिनिटं. डावा आकडा लाल. तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाले, “या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, सोडून द्या.”

पाना_बारा_तेरा:
ॲडजस्ट होत नाही हे बरोबर. अशा बहुतेक गाड्यांत टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा, फिरवून फक्त टो जुळवता येतो. पण म्हणूनच तो लाल आकडा सोडून द्यायचा नसतो! जे पाना लावून हलत नाही ते आपोआप इतकं बदललं, म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. कागद देऊन गिऱ्हाईक वाटेला लावणं मला अजून सहन होत नाही.

गाडी सरळ का जाते तेही सांगतो. डावं चाक वरून आत कललंय, त्यामुळे गाडी उजवीकडे ओढणार. पण पाणी वाहून जावं म्हणून आपल्या रस्त्यांना डावीकडे उतार असतो, तो तिला डावीकडे ओढतो. दोन्ही ओढी एकमेकींना मारतात. सपाट मोकळ्या मैदानात हळू चालवून स्टिअरिंगवरचा हात सैल करा, कळेल.

गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायला सांगा, खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर बॉल जॉइंट (चाकाचा खालचा गोल सांधा) किंवा बेअरिंग. आडवं धरून हलवलं तर टाय रॉड एंड कळतो. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश टॉर्च लावून बघा. आणि टायर व स्ट्रट (चाकामागचा स्प्रिंग-शॉकअपचा खांब) यांच्यामधल्या फटीत बोटं घालून दोन्ही बाजू ताडून बघा. मोठा खड्डा बसलेला आठवतो का?

कोयनाकाठ:
हो. मागच्या पावसात पोफळीच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावं चाक आदळलं होतं. रिम वाकली, ती सरळ करून घेतली आणि हे टायर टाकले. फट पाहिली. उजवीकडे दोन बोटं सहज जातात, डावीकडे जेमतेम एक.

रानवारा_७:
मग स्ट्रटच. माझंही असंच झालं होतं, आणि मी आधी अलाइनमेंट, मग दुरुस्ती, मग परत अलाइनमेंट असे दोनदा पैसे भरले. आधी सुटे भाग, शेवटी अलाइनमेंट. स्ट्रट जोडीनेच बदला, एक जुना एक नवा ठेवू नका.

कोयनाकाठ:
काम झालं. डावा स्ट्रट वाकलेला निघालाच, शिवाय त्याच बाजूच्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटला होता. ब्रेक मारला की चाक मागे सरकत असणार, असं मेकॅनिक म्हणाला. दोन्ही स्ट्रट आणि बुश बदलून मग अलाइनमेंट केली, मी शेजारी उभी राहून. कॅम्बर आता डावा उणे २५ मिनिटं, उजवा उणे २०. काका, दोन हजार किलोमीटर झाल्यावर नव्या टायरची खोली चार ठिकाणी मोजून घेतली. आत आणि बाहेर सारखीच आहे. या शनिवारी आईला घेऊन घाट उतरले.