बालगृहासाठी सहा लाख : आरओ, टाकी की गावाचं काम?

पाणवठा : जत तालुक्यातल्या एका बालगृहाला आमचा मित्रपरिवार सहा लाख देणार आहे. ४५ मुलं, ६ कर्मचारी. पाऊस वर्षाला ५०० मिमीच्या आसपास. फेब्रुवारीपासून बोअर आटतं, मग टँकर. पत्र्याचं छप्पर २,५०० चौरस फूट. संस्थेला आरओ (पाणी शुद्ध करायचं यंत्र) हवाय, आमच्यातल्या काहींना पागोळ्यांच्या पाण्याची टाकी बरी वाटते. गावालाही उपयोग व्हावा. देणाऱ्यांपैकी तिघं अमेरिकेत आहेत. कुठे फसायला होतं?

टाकीवाला : बोअरच आटतंय, तर आरओला पाणी कुठून आणणार? शिवाय तो निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. आधी बोअरचा नमुना प्रयोगशाळेत द्या. फ्लोराइड लिटरला १.५ मिग्रॅच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर निघालं, तरच आरओचं बोला. मुलांना चव आवडत नाही म्हणून आरओ बसवू नका.

आता छप्पर. २,५०० चौरस फूट म्हणजे साधारण २३० चौरस मीटर. २३० × ०.५ (मीटरमध्ये पाऊस) × ०.८५ (छपरावरून हाती येणारा वाटा) = जवळपास ९८,००० लिटर. भुरभुर पाऊस आणि पहिली धूळ वजा जाता ८०,००० धरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ७ लिटर धरले तर ५१ जणांना रोज ३५७. फेब्रुवारी ते मे १२० दिवस म्हणजे ४३,०००. म्हणून २०,००० लिटरच्या दोन फेरोसिमेंट (जाळीवर सिमेंटचा गिलावा मारलेल्या) टाक्या, आतून व्यास ३.६ मीटर, पाण्याची उंची २ मीटर. पावसाळ्यात भरा, झाकण लावा, फेब्रुवारीपर्यंत हात लावू नका. उरलेल्या तीन-चार हजार लिटरला टँकर आहेच.

पन्हळ सहा इंची, दर मीटरला १ सेंटीमीटर उतार, ब्रॅकेट दोन-अडीच फुटांवर. अंतर वाढलं की पन्हळ मधे झोळ खाते आणि पाणी तिथूनच सांडतं. पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायला २०० लिटरचा पिंप, तळाला बारीक तोटी कायम ठिबकती ठेवायची. ती बंद राहिली तर पिंप भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत.

टाकी फुटते ती क्युरिंग, म्हणजे गिलावा ओला ठेवून पक्का करणं, नीट न झाल्यामुळे. १:३ चा (सिमेंट:वाळू) गिलावा भर उन्हात मारतात, दोन दिवस पाणी शिंपडतात आणि सोडून देतात. मग केसासारख्या भेगा पडतात. गोणपाट लावून १४ दिवस ओलं ठेवायलाच हवं. गंमत अशी, की जिथे पाणी नाही तिथेच आपण टाकी बांधतो, म्हणून क्युरिंगच्या टँकरचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा.

पाणवठा : ४०,००० ची एकच का नको? आणि वर वाहून जाणारं पाणी गावच्या विहिरीत सोडलं तर?

टाकीवाला : एक धुवायला काढली की दुसरीवर चालतं, म्हणून दोन. विहिरीत सोडा, पण आधी गाळणखड्डा करा : दीड मीटर लांब-रुंद-खोल, तळाला दगड, वर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. वरची दोन-तीन इंच वाळू दरवर्षी मृगाआधी बदला. मात्र ते पाणी ४०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या चार खेपा. पाटीवर लिहायला ठीक, गावाची तहान त्यानं भागत नाही. गावासाठी जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढा. एक घनमीटर गाळ निघाला की १,००० लिटरची जागा होते. यंत्राचा खर्च तुम्ही करा, गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॉलीनं न्यावा, ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. मुरूम लागला की थांबायचं, आणि भिंतीच्या पायथ्याशी खोदू द्यायचं नाही.

हिशेबनीस : अमेरिकेतले तिघं भारतीय पासपोर्टवर असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील, तर ती परकीय देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनही ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगीचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. ओळखीच्या दुसऱ्या ट्रस्टमधून फिरवण्याची वाट २०२० च्या दुरुस्तीनं बंद झालीय. 'भावाच्या खात्यावर टाका, तो देईल' हेही करू नका.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालची नोंदणी आणि जागेचा सातबारा बघून घ्या. जागा भाडेपट्ट्यावर असेल तर मुदत किती उरलीय ते विचारा. पैसे तीन हप्त्यांत द्या. शेवटचा हप्ता टाक्या भरून आठवडाभर गळती नाही हे पाहिल्यावर.

अधीक्षक : टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकी भरताना नव्हे, फेब्रुवारीत उघडताना घाला. क्लोरीन चार महिने टिकत नाही. २०,००० लिटरला ६० ग्रॅम, पोतं ताजं असेल तर. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी ओता. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायची चाचणी. गावचा जलसुरक्षक ती रोज करतो, त्याच्याकडून एकदा शिकून घ्या.

गावासाठी नळ ठेवणार असाल तर तो कुंपणाबाहेर, रस्त्याच्या बाजूला, दाबून सोडायच्या तोटीचा. पाण्याच्या निमित्तानं आवारात कुणाचाही राबता नको. आणि उद्घाटनाला मुलांना टाकीपुढे रांगेत उभं करून फोटो काढू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलांची ओळख उघड करता येत नाही, व्हॉट्सॲपवरसुद्धा. नुसत्या टाकीचा फोटो घ्या, शक्यतो झाकणाची जाळी दिसेल असा. डास तिथूनच शिरतात, आणि पहिल्या वर्षी तीच जाळी बसवायची राहून गेलेली असते.