पेसमेकर बसवल्यावर रात्री झोपायचं कसं? अण्णांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितेय, विश्रामबाग. रात्रीचे अडीच वाजलेत, पलीकडच्या खोलीत अण्णा (माझे सासरे, वय ७२) जागे आहेत म्हणून मीपण जागी.

गेल्या सोमवारी मिरजेत त्यांना पेसमेकर बसवला. महिनाभर चक्कर येत होती, उन्हानं होतंय म्हणून अंगावर काढली, मग एक दिवस बाथरूममधून येताना भिंतीला टेकून खालीच बसले. ईसीजीत हार्ट ब्लॉक (हृदयातला ठोक्यांचा विजेचा संदेश अडतो तो) निघाला, ठोके मिनिटाला ३६. आता चक्कर गेली, तोंडावर तरतरी आलीय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण डिस्चार्जच्या गडबडीत एवढंच कळलं की सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि जड उचलायचं नाही. झोपायचं कसं हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

अण्णा जन्मभर डाव्या कुशीवर, डावा हात उशीखाली घालून झोपलेले, तेपण खाली, कापसाच्या गादीवर. आणि मशीन नेमकं डाव्या कॉलरबोनखाली. पाठीवर झोपवलं की डोळा लागतो न लागतो तोवर दचकून उठतात, झोपेत हात आपोआप डोक्याकडं जातो. यावर सासूबाईंनी उपाय काढला, उपरण्यानं मनगट कमरेला बांधून ठेवायचं. परवा रात्री लघवीला उठायची घाई, उपरणं कसंबसं सोडलं आणि जमिनीवरनं उठताना सगळा जोर त्याच हातावर दिला. तेव्हापासून दोघांच्या डोक्यात एकच, मशीनपासून हृदयात गेलेली वायर निसटली असणार.

तर हात बांधणं बरोबर आहे का? डाव्या कुशीवर कधी झोपता येईल? खालीच झोपले तर चालेल का? पलंगावर मला झोप येत नाही असा त्यांचा हट्ट आहे. शेजारच्या काकू टाक्यांवर हळद लावा म्हणतायत, सांगलीत राहून हळदीला नाही म्हणणं म्हणजे काय विचारू नका, पण मी नाहीच म्हणाले.

प्रतिसाद, कराडहून:
ताई, आधी सकाळी हॉस्पिटलला फोन करा आणि हातावर जोर पडला हे सांगा. एकदा जोर पडला म्हणून वायर निसटतेच असं नाही, पण पहिले काही आठवडे ती आत नीट धरलेली नसते. पुन्हा चक्कर आली, छातीत सारखं फडफडल्यासारखं झालं किंवा उचकी थांबेना झाली तर थांबू नका, सरळ घेऊन जा. जखम लाल झाली, सुजली, पाणी यायला लागलं, ताप आला तरी तसंच. हळद नको म्हणालात ते बेस्ट केलंत.
माझ्या आईला बसवला तेव्हा आम्ही पलंगाची डावी बाजू भिंतीला लावली, म्हणजे उतरताना उजवीकडूनच उतरावं लागतं. उजव्या कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, उजव्या कोपरावर जोर देऊन उठायचं. खालून उठताना दोन्ही हात लागतात हो, महिना-दीड महिना तरी खाली नकोच. पाठीमागं लोड आणि उशा लावून उतार करा, सपाट झोपल्यावर टाके ओढतात ते कमी होतं. डाव्या हाताखाली एक मऊ उशी. उजव्या कुशीवर झोपले तर छातीशी उशी धरायला द्या, हात पुढं लोंबकळत नाही.

प्रतिसाद, सातारा (मी फिजिओथेरपिस्ट आहे):
बांधू नका. दिवसरात्र हात बांधून ठेवला की खांदा आखडतो, आणि फ्रोजन शोल्डरचं दुखणं पेसमेकरच्या जखमेपेक्षा जास्त दिवस पुरतं. झोपेत हात वर जाण्याची भीती असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस फक्त रात्री सैल झोळी घाला. दिवसा बोटं, मनगट, कोपर चालू ठेवायचं, खांदाही त्यांनी सांगितलेल्या मर्यादेत हलवायचा. डाव्या कुशीवर झोपल्यानं मशीन चेपत नाही, जखम दुखते आणि खांदा ओढला जातो म्हणून नको म्हणतात. जखम भरल्यावर बहुतेकांना चालतं, तपासणीला विचारून घ्या. आणि एक, फोन छातीच्या खिशात ठेवून झोपत असतील तर ती सवय बंद करा, मशीनपासून १५ सेंमी तरी लांब हवा.

धागाकर्ती (चार दिवसांनी):
सगळ्यांचे खूप आभार. फोन बंडीच्या डाव्या खिशातच असायचा, कीर्तन ऐकत पडायचे, तुम्हाला कसं कळलं! हॉस्पिटलला फोन केल्यावर त्यांनी बोलावून घेतलं, मशीन तपासलं, एक्सरे काढला, वायर जागेवर आहे. अण्णा लगेच सासूबाईंना म्हणाले, बघ, उगीच बांधलंस.

पलंग भिंतीला लावला, दोन लोड लावले, काल ११ ते ४ सलग झोपले. आता सासूबाई जागतायत, कारण अण्णा जरा हलले की पलंग करकरतो. आज ह्यांना नटबोल्ट आवळायला सांगितलंय.