'कृत्रिम', 'नकली' की 'खोटे'? आयात दागिन्यांच्या यादीतला एक शब्द

प्रश्न

आयात होणाऱ्या दागिन्यांची इंग्रजी यादी मराठीत करतो आहे. यादीच्या डोक्यावर 'कॉस्च्यूम ज्वेलरी' असं आहे, म्हणजे सोन्या-रत्नांचे नसलेले शोभेचे दागिने. पहिल्या खर्ड्यात मी 'कृत्रिम दागिने' लिहिलं. सहकाऱ्याने ते खोडून 'नकली दागिने' केलं. तिसऱ्याने समासात शेरा मारला, 'खोटे म्हणा, बोलताना सगळे तेच म्हणतात.' 'वेशभूषेचे दागिने' मीच बाद केलं, त्याने नाटकाची ट्रंक डोळ्यांपुढे येते. कोणता शब्द ठेवू?

उत्तर

हे कागद सीमाशुल्कासाठी असतील तर 'खोटे' आधी काढा. 'खोटा दागिना' बोलण्यात ठीक आहे, खऱ्याच्या जोडीला खोटा येतोच. पण सीमाशुल्काच्या घोषणापत्रात 'खोटे' वाचलं की मालाऐवजी माहितीवरच शंका येते.

आता मूळ शब्द. मालाचं जागतिक वर्गीकरण एचएस, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टीम, १९८८ पासून लागू आहे. त्यात 'कॉस्च्यूम ज्वेलरी' नावाचं हेडिंगच, म्हणजे चार आकडी क्रमांकाचा गटच, नाही. प्रकरण ७१ मधलं ७११७ हे हेडिंग आहे 'इमिटेशन ज्वेलरी'. एचएसचा इंग्रजी आणि फ्रेंच, दोन्ही पाठ अधिकृत. फ्रेंचमध्ये याच हेडिंगचं नाव 'बिजूतरी द फाँतेझी' आहे. हौसेचे, कल्पनेचे दागिने म्हणा. नकलेचा त्यात उल्लेखही नाही.

मला फ्रेंच नाव जास्त सरळ वाटतं, कारण व्याख्या नकलेवर बेतलेलीच नाही. अंगावर घालायची छोटी शोभेची वस्तू हवी, आणि तिच्यात काय नसावं ते सांगितलं आहे: नैसर्गिक किंवा संवर्धित (माणसाने शिंपल्यात वाढवलेले) मोती नकोत, रत्नं-उपरत्नं नकोत, आणि मौल्यवान धातू मुलाम्यापुरता किंवा किरकोळ भागापुरता असेल तेवढाच. लाकडी मण्यांची माळ कशाचीच नक्कल करत नाही, तरी ती ७११७ मध्येच जाते. तिला 'नकली' म्हणणं त्या माळेवर अन्याय आहे.

दुसरं उत्तर

'नकली'ची बाजू घेतो. शब्द अरबी 'नक्ल'वरून आलेला, प्रत या अर्थाचा. कोर्टाच्या कागदाची 'नक्कल' आपण रोज काढतो, त्यात फसवणूक नसते. पण 'नकली'ला आता वास लागला आहे हे मान्य. नकली नोट, नकली औषध. शिवाय एखाद्या ब्रँडची चोरून केलेली प्रत हाही 'नकली माल'च, आणि तो वेगळाच गुन्हा झाला.

अवांतर: 'टॅरिफ' आणि 'तारीफ' हे शब्द सख्खे आहेत. अरबीत 'कळवणे, ओळख करून देणे' या अर्थाच्या एकाच धातूपासून दोन्ही आले. एक इटालियनमार्गे युरोप फिरून शुल्काचा तक्ता झाला, दुसरा फारसीमार्गे आपल्याकडे येऊन कौतुक झाला.

प्रश्नकर्ता

मग 'कृत्रिम' राहिलं. ते तर निर्मळ आहे ना? यादीतली एक ओळ देतो, माझं भाषांतर असं: 'पितळी अंगठी, सोनेरी लेपाची, लाल कृत्रिम खड्याची.'

उत्तर

या ओळीत दोन खड्डे आहेत, आणि मोठा 'कृत्रिम'मध्येच आहे.

इंग्रजी कागदात त्या जागी 'सिंथेटिक' आहे की 'इमिटेशन', ते पाहा. मराठीत आपण दोन्हींना 'कृत्रिम' म्हणून मोकळे होतो, पण वर्गीकरणात त्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. सिंथेटिक माणिक म्हणजे प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात वाढवलेलं खरंखुरं कोरंडम, म्हणजे माणकाचंच खनिज: ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि लाली क्रोमियमची. वेर्नय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने भुकटी ज्योतीत वितळवून असं माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. रचना खाणीतल्या माणकाचीच. इमिटेशन माणिक म्हणजे लाल काच, नाहीतर प्लास्टिक.

प्रकरण ७१ ची टीप सिंथेटिक आणि पुनर्घटित (खऱ्या रत्नांचे तुकडे जोडून केलेल्या) रत्नांना नैसर्गिक रत्नांच्या पंक्तीला बसवते. म्हणून तुमची पितळी अंगठी काचेच्या खड्याची असेल तर ७११७ मध्ये, आणि वाढवलेल्या माणकाची असेल तर ७११६ मध्ये, रत्नांच्या वस्तूंत. अंगठी तीच, पितळ तेच, दिसायलाही तशीच. एका विशेषणावर हेडिंग बदललं.

मोत्यांचंही असंच. शिंपल्यात माणसाने कण घालून वाढवलेल्या मोत्यालाही काही जण 'कृत्रिम मोती' म्हणतात. तो कल्चर्ड मोती, आणि तो असला की ७११७ सुटलं. काचेच्या मण्याला मोत्याची चमक दिली तर तो इमिटेशन. मी 'संवर्धित मोती' आणि 'नकली मोती' असे दोन शब्द ठेवतो. खड्यांसाठी 'संश्लेषित' आणि 'नकली'. 'नकली' इथे चालतं, कारण खडा खरंच कशाची तरी नक्कल करतो.

दुसरा खड्डा 'सोनेरी लेप'. सोनेरी रंगालाही लेप म्हणता येतं. सोनं खरंच चढवलं असेल तर 'मुलामा' लिहा, किंवा बोलीतलं 'सोन्याचं पाणी दिलेली'. विजेच्या साहाय्याने दिलेल्या मुलाम्याने पितळ पितळच राहतं. पण सोन्याचा पत्रा डाग देऊन किंवा तापवून, दाबून धातूवर कायमचा बसवला असेल तर तो 'मढवलेला' धातू. त्याची अंगठी ७११३ मध्ये जाते, सोन्याचांदीच्या दागिन्यांशेजारी. पाणी देणे आणि मढवणे हा फरक आपल्या भाषेत आयता आहे, तो 'लेप' म्हणून का घालवायचा?

तिसरं उत्तर

'मौल्यवान धातू' या शब्दावरही थांबा. त्यात किमतीचा हिशेब नाही, नावांची यादी आहे: चांदी, सोनं आणि प्लॅटिनमच्या कुळातले धातू. टायटॅनियमची अंगठी चांदीच्या अंगठीहून महाग असली तरी टायटॅनियम यादीत नाही, म्हणून ती ७११७ मध्ये. उलट मिश्रधातूत वजनाने २ टक्के चांदी असली आणि सोनं-प्लॅटिनम दोन्ही २ टक्क्यांच्या आत असलं, की तो चांदीचा मिश्रधातू धरतात. त्यामुळे ७११७ ला 'स्वस्त दागिने' म्हणणंही चूक.

आणि 'दागिना' शब्द फार योग्य आहे, त्याला हात लावू नका. जुन्या मराठीत दागिना म्हणजे नगसुद्धा: सामानाचे चार दागिने. चांदीची सिगारेटकेस एचएसमध्ये दागिन्यांतच मोजतात, अंगावर बाळगायची वस्तू म्हणून. पितळेची मात्र ७११७ मध्ये येत नाही, तिथे फक्त शोभेच्या वस्तू. केसांच्या पिना आणि बटणंही शोभेची असली तरी टिपेने बाहेर ठेवली आहेत. तुमच्या यादीत क्लिपा असतील तर त्या ९६१५ मध्ये बघा. कफलिंक मात्र ७११७ मध्येच, साध्या धातूच्या कफलिंकांना तर वेगळं उपहेडिंग आहे.

प्रश्नकर्ता

मूळ कागद पुन्हा पाहिला. तिथे 'आर्टिफिशियल' आहे, म्हणजे पाठवणाऱ्यानेही माझ्यासारखंच केलंय. त्याला विचारलं. उत्तर आलं: काच.

मथळा 'इमिटेशन ज्वेलरी' असाच देवनागरीत ठेवतोय. ओळ आता अशी: 'पितळी अंगठी, सोन्याचा मुलामा दिलेली, लाल काचेच्या खड्याची.' 'कृत्रिम' अख्ख्या यादीतून गेलं. केसांच्या क्लिपा निघाल्या सात प्रकारच्या, त्या वेगळ्या काढतोय.