गावाला आरओ प्लांट पाहिजे, की आधी टाकीतलं क्लोरीन नीट पाहिजे?

घाटमाथ्यावरचा

पुढच्या ग्रामसभेत आमच्याकडे एक ठराव येतोय. वित्त आयोगाच्या बंधित (पाणी-स्वच्छतेसाठी राखीव) निधीतून आरओ प्लांट (बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं यंत्र) बसवायचा, ५ रुपयांचं नाणं टाकलं की २० लिटरचा जार भरून मिळणार. विरोध कुणाचाच नाही. सरपंचांना फीत, ठेकेदाराला काम आणि लोकांना ‘बिसलेरीसारखं’ पाणी. माझा मात्र विरोध आहे. का, ते इथं मांडतो. खोडून काढायचं असेल तर ग्रामसभेच्या आधी इथंच काढा.

आमच्या विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ३८० मिलिग्रॅम. फ्लोराइड ०.४, नायट्रेट मर्यादेत. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आणि पाण्याचा दुसरा उद्भव (स्रोत) नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे क्षाराची आम्हाला काही तक्रारच नाही. तक्रार आहे ती जंतूंची. पावसाळ्यानंतरच्या सर्वेक्षणात गावाला पिवळं कार्ड, म्हणजे मध्यम धोक्याचा शेरा, मिळालं. टाकीचं झाकण मोडलेलं, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात कायम पाणी, आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग दाखवणारी चाचणी) घेतली तर टाकीखालच्या नळाला पिवळा रंग येतो, शेवटच्या आळीत पाणी जसंच्या तसं. तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं.

आता हिशोब. १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे आमच्या १ लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. हे रोज नीट पडलं आणि झाकण बसलं तर अख्ख्या गावाचं पाणी सुधारतं, तेही ज्याच्या खिशात ५ रुपये नाहीत त्याच्यासकट. जार फक्त प्यायला. भाजी धुणं, दात घासणं, भांडी विसळणं त्याच नळाच्या पाण्यानं होणार. रोज एक जार म्हणजे वर्षाला १८२५ रुपये. आमची पाणीपट्टी १२०० आहे, आणि ती भरायची वेळ आली की निम्मं गाव गप्प!

मला खरी भीती वेगळीच आहे. एकदा प्लांट बसला की बोलकी माणसं जारवर जाणार आणि मग टाकीबद्दल भांडायला ग्रामसभेत कुणी उरणार नाही.

पूर्णाकाठचा

भाऊ, तुमचं ३८० वाचून हसू आलं. आमच्या हापशीच्या पाण्यात मीटर बुडवा, आकडा चार हजाराच्या वर जाते. अकोला, बुलढाणा, अमरावतीचा खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुणा आला तर चहा नासल्यासारखा लागते. प्रादेशिक योजनेचं गोडं पाणी येते, कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा. मधल्या दिवसांत लेकरांनी काय प्यायचं? तुमचं क्लोरीन टाकून खारं पाणी गोडं होते काय?

आमच्या गावात प्लांट आल्यापासून दहा कोसावरून कॅन आणणं बंद झालं. किडनीचे पेशंट गावोगाव आहेत, ते पाण्यानंच झाले का ते डॉक्टर सांगतील, पण ते पाणी जिभेवर ठेववत नाही हे सांगायला डॉक्टर नाही लागत. पुण्या-साताऱ्याकडची माणसं आरओला नावं ठेवतात तेव्हा राग येते बावा.

घाटमाथ्यावरचा

दादा, तुमच्या गावाला प्लांट हवाच, त्यावर माझं दुमत नाही. पण आमच्याकडच्या अंदाजपत्रकात ‘क्षारयुक्त पाण्यामुळे’ असं छापलंय, आणि पाण्याचा तपासणी अहवाल जोडलेलाच नाही. तुमच्या पट्ट्याच्या नावावर आमच्याकडे मशीन खपवतायत.

रसायनवाली

मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, म्हणून दोघांनाही थोडं टोचते.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून क्षाराचा अंदाज देतो. त्याला जंतू दिसत नाहीत. फ्लोराइड ३ असलं तरी एकूण आकडा ४०० दिसू शकतो, आणि असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर दात आणि हाडं जातात. त्यामुळे ‘आमचा टीडीएस चांगला’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. घाटमाथ्यावरच्यांनी फ्लोराइड आणि नायट्रेट वेगळं दिलंय, ते बरं केलं. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे, आणि उसाच्या पट्ट्यात विहिरींना ती ओलांडायला फार काही लागत नाही.

आणि तो विक्रेत्यांचा खेळ तरी लोकांनी ओळखावा. दोन ग्लास, त्यात दोन-दोन सळ्या, वीज सोडली की नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ उठतो आणि आरओचं पाणी स्वच्छ राहतं. बायका घाबरून लगेच मशीन बुक करतात. तो गाळ पाण्यातला नसतोच. लोखंडी सळी झिजते आणि तिचा गंज वर येतो. क्षार असल्याशिवाय पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून आरओच्या ग्लासात काही घडत नाही. चांगल्या झऱ्याचं पाणी घ्या, तेही तपकिरी होईल.

जारवाला

मी हाच धंदा करतो, तेव्हा शिव्या द्यायच्या त्या सावकाश द्या.

लोक माझ्याकडे हौसेनं येत नाहीत. नळाला पाणी कधी येईल माहीत नाही, आलं तर गढूळ, तक्रार केली तर ‘ऑपरेटर रजेवर आहे’. माझी मोटर जळली तर दुपारपर्यंत दुरुस्त होते, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. पंचायतीची जळली की आधी मासिक सभा, मग ठराव, मग कोटेशन. तत्त्वाच्या गोष्टी खूप झाल्या. पैसे देणाऱ्याला जाब विचारता येतो, फुकटवाल्याला येत नाही.

घाटमाथ्यावरचा

जाब कुणाला विचारणार? सीलबंद बाटलीला परवाने आहेत, तपासणी आहे. तुमच्या थंड जारला सील नाही, म्हणून तो पॅकबंद मालात धरायचा की नाही यावरच इतकी वर्षं घोळ चाललाय. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेनं त्या भागातले खासगी आरओ प्लांटही तपासले. काही नमुने दूषित निघाले आणि प्लांटना टाळं ठोकलं. शुद्ध म्हणून पैसे देऊन घेतलेलं पाणी होतं ते.

आरओचा पडदा जंतू अडवतो, मान्य. पण पाणी पडद्यातून बाहेर पडलं की त्यात क्लोरीनचा मागमूस नसतो. पुढं टाकी, नळी, जार, जारचं तोंड पुसायचं फडकं. यातलं काहीही घाण असलं तर पाणी तिथून पुढं उघड्यावरच आहे.

जारवाला

जार मी रोज धुतो. टाकीत यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा आहे.

रसायनवाली

यूव्हीनं दिव्यासमोरून जाणारे जंतू मरतात, पुढं काही शिल्लक राहत नाही. तुमचा जार धुतला असेल, गिऱ्हाइकाच्या घरातला माठ कोण धुणार?

इतिहासप्रेमी

इथं क्लोरीनची आरती चाललीय म्हणून एक आठवण करून देतो. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६, दिल्ली. वजिराबादच्या उद्भवात सांडपाणी शिरलं. जलशुद्धीकरण केंद्रावरच्या लोकांना पाण्याची अवस्था दिसत होती, त्यांनी क्लोरीन वाढवलं. टायफॉइडची साथ आली नाही. कावीळ मात्र सुमारे २९ हजार लोकांना झाली. तो हेपटायटिस ई होता हे खूप नंतर, साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं. मग पावडर टाकली की अख्खं गाव सुधारतं, हे कशाच्या जोरावर म्हणता?

निवृत्त उपअभियंता

उदाहरण चांगलं काढलंत, त्याचा अर्थ मात्र आरओच्या बाजूनं लागत नाही. दिल्लीत कच्च्या पाण्यात सांडपाणी होतं आणि गढूळपणा होता. गढूळ पाण्यात क्लोरीन सेंद्रिय घाणीवर खर्ची पडतं, विषाणू त्या कणांच्या आड सुरक्षित राहतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी उद्भव सांभाळा, मग तुरटी, निवळण, गाळण आणि शेवटी क्लोरीन. गढूळपणा १ एनटीयूच्या आत आणा, क्लोरीनला निदान अर्धा तास द्या, मग बोला. त्या साथीनंतर दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था निघाली, तिचंच नाव १९७४ मध्ये नीरी झालं.

नोकरीत मी जे पाहिलं ते सांगतो. टीसीएलची गोणी पंचायतीच्या खोलीत खिडकीखाली उघडी. पावडरीचे ओले गोळे झालेले, हातात घेतले तर नाकाला वास नाही. गोणीवर ३३ टक्के क्लोरीन छापलेलं, आत दहा तरी असेल का शंका. शिपाई बादलीत कालवून टाकीत ओततो, दोन मिनिटांत व्हॉल्व्ह उघडतो, कारण बायका हंडे घेऊन उभ्या असतात. रजिस्टरमध्ये ‘५०० ग्रॅम टाकले’. खोटं काहीच नाही त्यात, पाचशे ग्रॅम खरंच टाकलेत.

याला संशोधन लागत नाही. झाकणाचा डबा लागतो, थेंब-थेंब सोडणारा डोसर लागतो आणि जलसुरक्षकाला वेळेवर मानधन लागतं. पण डोसरच्या उद्घाटनाला आमदार येत नाहीत, हीच अडचण.

इतिहासप्रेमी

म्हणजे तुमचंच म्हणणं असं की हे वर्षानुवर्षं कुणाला जमलेलं नाही. मग जमत नसलेल्या गोष्टीच्या भरवशावर लोकांनी आणखी किती थांबायचं?

निवृत्त उपअभियंता

जमतं हो. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. पाइपात कायम दाब असला की बाहेरची घाण आत शिरत नाही. आपल्याकडे नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि गळतीच्या जागेतून गटारीचं पाणी ओढून घेतो, शेवटच्या आळीचं क्लोरीन तिथंच संपतं. चोवीस तास पाणी सोडणं ही चैन वाटते लोकांना. अर्धी शुद्धीकरणाची लढाई तिथं जिंकली जाते.

बचतगटवाली ताई

मी यवतमाळ जिल्ह्यातून. आमच्या भागात फ्लोराइड आहे. आमचा गट गावातला प्लांट चालवतो, म्हणून आतलं सांगते.

पहिलं वर्ष छान गेलं. मग पाणी बारीक येऊ लागलं. मिस्त्री म्हणाला मेम्ब्रेन, म्हणजे आतला पडदा, चोक झालं. अँटिस्केलंटचा (पडद्यावर क्षार साचू न देणाऱ्या औषधाचा) डबा संपून किती दिवस झाले होते कुणाला माहीत नाही, कारण तो बघायचा असतो हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या मेम्ब्रेनचे पैसे गटानं भरले. आता भिंतीवर कागद लावलाय: बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) कधी, डबा कधी भरला, येणाऱ्या पाण्याचा टीडीएस आकडा, गाळून जाणाऱ्या पाण्याचा आकडा. जाणारा आकडा चढायला लागला की समजायचं पडदा गेला. हे आम्ही सातवी-आठवी शिकलेल्या बाया करतो.

त्याआधी आमच्याकडे नीरीची नलगोंडा पद्धत आली होती. चुना, तुरटी, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. वीज लागत नाही, स्वस्त आहे. पण प्रत्येक विहिरीला तुरटीचं माप वेगळं, रोज गाळ फेकायचा आणि पाण्याला तुरट चव. बाया कंटाळल्या. कागदावर स्वस्त असलेली पद्धत बाईच्या वेळेचा हिशोब धरत नाही.

तेव्हा साहेब, तुमचा शिपाई काय आणि आमचा प्लांट काय, रोज बघणारं माणूस नसलं तर दोन्ही सारखंच. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायांना तपासणी किट शिकवलंय. घाटमाथ्यावरच्या दादांनी त्या पाच कोण आहेत ते आपल्या गावात शोधावं आणि ग्रामसभेत त्यांच्याच हातानं शेवटच्या आळीच्या पाण्याची टेस्ट करून दाखवावी. रंग येत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसू द्या.

जारवाला

ताई बरोबर बोलल्या. फक्त एक सांगा, क्लोरीन नीट पडलं की दुसऱ्या दिवशी ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणून पंचायतीत भांडायला कोण येतं? तेच लोक. माझं पाणी गोड लागतं म्हणून ते माझ्याकडे येतात.

घाटमाथ्यावरचा

वासाचं खरं आहे. आमच्याकडे शिपायानं एकदा त्याच कारणानं डोस कमी केला होता. पाच बायांची यादी आज मागवली. ठरावाला उपसूचना देतोय: आधी तपासणी अहवाल वाचायचा, निधीतून झाकण, डोसर आणि व्हॉल्व्हचे खड्डे, आणि उरलं तर बाकीचं. आरओला ‘नाही’ असं लिहीत नाही. अहवालात क्षार किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर मी स्वतः हात वर करीन.

पूर्णाकाठचा

उपसूचना ठीक. पण आमच्याकडून एक घ्या, आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं. चार हजाराचं पाणी घेऊन निम्मं गोडं काढलं तर उरलेल्या निम्म्यात जवळजवळ आठ हजाराचा खार राहते. आमच्या प्लांटचं ते पाणी बाजूच्या नाल्यात जाते आणि नाल्याकाठीच हापशी आहे. आता तिचं पाणी ढोरंही पीत नाहीत. तुमचं पाणी इतकं खारं नाही, तरी तुमच्या अंदाजपत्रकात रिजेक्ट पाणी कुठं सोडायचं ते लिहिलंय काय?

घाटमाथ्यावरचा

आत्ता उघडून पाहिलं. ‘सांडपाणी व्यवस्था: गटारीत’ एवढंच आहे. आणि ती गटार व्हॉल्व्हच्या खड्ड्याशेजारून जाते.