मतदान सक्तीचं झालं तर सरकारच न मानणाऱ्यानं रांगेत उभं राहावं का?

बिनसरकारी
काल मास्तरांनी लिहिलं : "ऑस्ट्रेलियासारखा कायदा इथं आणा. मत न देणाऱ्याचं रेशन आणि सातबारा अडवा. आणि ते अराजकवादी म्हणवून घेणारे दीडशहाणे, त्यांना काठी दाखवून रांगेत आणा." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथं दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मास्तर, मी मत देतो. दर वेळी नाही, पण देतो. सरकारच नको म्हणणाऱ्या क्रोपोटकिनच्या गप्पा मारणारा माणूस बटण दाबून येतो म्हणून मित्र टिंगल करतात, करू देत. स्पेनमध्ये सीएनटी या अराजकवादी कामगार संघटनेनं १९३३ ला "मत देऊ नका" म्हणून रान उठवलं आणि उजवे निवडून आले. १९३६ च्या फेब्रुवारीत तीच संघटना बहिष्काराबद्दल फारसं बोलली नाही, कामगारांनी मतं टाकली, पॉप्युलर फ्रंट ही डाव्यांची आघाडी आली आणि तुरुंगातले कार्यकर्ते सुटले. तेव्हा मताला शिवायचंच नाही असलं सोवळं माझ्याकडं नाही.

पण ज्या दिवशी ते सक्तीचं होईल त्या दिवसापासून मी केंद्राची पायरी चढणार नाही. आज मी बटण दाबतो तेव्हा एवढंच सांगतो की दोघांत हा कमी तापदायक. सक्तीत मी आधी हे कबूल करतो की मला हाकत आणायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि मग बटण. दंड लावायचा तर लावा, भरणार नाही.

मास्तर बालाघाट
रेशनचं राहू द्या बाजूला, मूळ मुद्द्याचं बोला. ऑस्ट्रेलियात १९२२ ला साठ टक्केसुद्धा मतदान नव्हतं. १९२४ ला कायदा झाला, १९२५ ला ९१ टक्क्यांच्या वर गेलं. दंड किती, तर वीस डॉलर. कुणाचं स्वातंत्र्य बुडालं तिथं?

मी केंद्राध्यक्ष म्हणून ड्यूट्या केलेला माणूस आहे. आदल्या दिवशी तहसीलला साहित्यासाठी रांग, मग एसटीनं तांड्यावर, शाळेच्या व्हरांड्यात डास मारत रात्र काढायची, पहाटे उठून मॉक पोल. एवढं करून दुपारी एक ते तीन केंद्रावर चिटपाखरू नाही, आणि शहरातले सुट्टी घेऊन म्हैसमाळला गेलेले. राग येतो.

आणि तुमची भूमिका काय, तर सांगितलं नाही तर करीन, सांगितलं तर करणार नाही. माझ्या चौथीच्या वर्गात असली चार पोरं आहेत. त्यांना कुणी तत्त्वज्ञ म्हणत नाही.

वकीलसाहेब हिंगोली
दोघंही हवेत भांडताय. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७९ ची व्याख्या बघा : मत देणं आणि मत न देणं, दोन्ही मतदाराच्या हक्कात मोजलंय. गुजरातनं स्थानिक निवडणुकांपुरतं २००९ ला विधेयक आणलं, राज्यपालांनी अडवलं, २०१४ ला नव्या राज्यपालांनी सही केली, २०१५ ला शंभर रुपये दंडाचे नियम निघाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. विधी आयोगाच्या २५५ व्या अहवालातही सक्ती नको असंच आहे.

बिनसरकारींसाठी एक अडचण. ऑस्ट्रेलियात कागदी मतपत्रिका. आत जायचं, नावावर खूण करून घ्यायची, पत्रिका कोरी टाका नाहीतर तीवर चित्र काढा, गुप्त असल्यामुळं कुणाला कळत नाही. आपल्याकडं यंत्र. त्यावर चित्र कुठं काढणार? नियम ४९-ओ प्रमाणं "मत देत नाही" अशी नोंद करून परत फिरता येतं, पण तीही सगळ्यांच्या देखत. म्हणूनच २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोटा, म्हणजे "वरीलपैकी कुणीही नाही" हे बटण, द्यायला लावला.

बिनसरकारी
नोटाचं नका सांगू. लातूर ग्रामीणला २०१९ ला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, साडेसत्तावीस हजारांच्या घरात मतं. निकालात फरक शून्य. सरकारनंच ठेवलेल्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकून मी समाधान मानायचं?

मास्तर बालाघाट
राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश वाचा. स्थानिक निवडणुकीत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. अर्धवट सांगू नका.

सोयाबीन ४८९२
मतदान सक्तीचं करायलेत, बरं वाटलं. मग हमीभाव पण सक्तीचा करा की! २०२४ ला सोयाबीनचा ४८९२ कागदावर होता, मोंढ्यात मागितलं चार हजारानं. खरेदी केंद्रावर नेलं तर ओलावा बारा टक्क्याच्या वर हाय म्हणून पोती माघारी. मी मत नाही दिलं तर मला दंड, व्यापाऱ्यानं हमीभाव नाही दिला तर त्याला काय? कुणीतरी बोला यावर.

निळा कंदील
बिनसरकारी, तुमच्यासारख्यांचं वाचून डोकं फिरतं. सरकार नको, मत नको, हे भरल्या पोटाचे चोचले. बाबासाहेब १९१९ ला साउथबरो समितीपुढं मताधिकारासाठी भांडले, तेव्हा तुमचे कोण कुठं होते? माझा आजा निजामाच्या राज्यात जन्मला. पोलीस ॲक्शननंतर पहिली निवडणूक आली तेव्हा गावात तो पाटलाच्या मागं रांगेत उभा राहिला. पाटलानं मागं वळून बघितलं, पण बोलला नाही. विहीर वेगळी, देऊळ बंद, रांग मात्र एकच. ती रांग तुम्हाला अपमान वाटते?

आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण विसरू नका. संविधानाचे मार्ग खुले असताना दुसरे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं घटना समितीत सांगितलंय त्यांनी. व्याकरण तुमचं, वाक्य आमच्यावर का लादता?

बिनसरकारी
आजोबांच्या रांगेला माझा नमस्कार. पण त्या रांगेत ते आपण होऊन उभे होते, कुणी काठी घेऊन आणलं नव्हतं. पाटील गप्प बसला तो त्यामुळंच.

बाकी मताची ताकद सांगताय म्हणून विचारतो. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव केला. निवडून दिलेल्यांनीच केला ना? पाटीवर नाव कधी आलं, १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं कशानं भरून निघाली, मतांनी की मोर्च्यांनी?

निळा कंदील
नामांतरावर तू बोलू नको. ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. माझ्या बापानं घर जळताना बघितलंय, तू बोलतोस तारखा. लाँग मार्च आम्ही काढला, लाठ्या आम्ही खाल्ल्या, आणि मतदानालाही आम्हीच गेलो. दोन्ही केलं. तुझ्यासारखं एक निवडून बाकीच्यावर नाक नाही मुरडलं.

वकीलसाहेब हिंगोली
अहो-जाहो ठेवा. धागा बंद पडेल.

निळा कंदील
ठेवतो. अहो बिनसरकारीराव, बोलू नका.

कोयत्याची लेक
केजकडची आहे, ऊसतोड्यांच्या घरातली. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

२०२४ ला गाळप १५ नोव्हेंबरला सुरू, विधानसभेचं मतदान २० ला. दिवाळी झाली की टोळ्या निघाल्या, माय-बाप कोल्हापूरकडं फडावर. मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवाराच्या माणसानं टोळी नेणाऱ्या मुकादमाला फोन केला, मुकादमानं पिकअपमध्ये माणसं कोंबून गावाकडं धाडली. माय रात्रभर उभी आली. शाई लावून घेतली, शेजारणीकडं चहा घेतला, त्याच गाडीनं परत. घराचं कुलूपसुद्धा उघडलं नाही. तिकडं दोघांचा खाडा लागलाच. कुणाला दिलंस विचारलं तर म्हणाली, मुकादमानं सांगितलं त्याला, त्याच्याकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटायचीय अजून.

मास्तर, तुमचा कायदा आला तर मायला गेली तर खाडा, नाही गेली तर दंड. आणि बिनसरकारी दादा, तुम्ही दंड भरणार नाही म्हणता, तुम्हाला नोटीस येईल, तुम्ही तिचा फोटो टाकाल. आमची शेळी सोडून नेतील.

मास्तर बालाघाट
ताई, मी तर म्हणतो सक्ती यासाठीच हवी! मत देणं ऐच्छिक आहे म्हणून सरकार हात झटकतं : ज्याला यायचं त्यानं यावं. सक्ती केली की केंद्र माणसापर्यंत नेणं सरकारला भाग पडेल. ८५ च्या वरच्यांना २०२४ ला घरी जाऊन मतदान दिलं की नाही? मग फडावर का नाही?

वकीलसाहेब हिंगोली
आयोगानं जानेवारी २०२३ ला स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला पक्षांना बोलावलं होतं. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, तिथंच राहिलं.

कोयत्याची लेक
राहिलं ते एका अर्थी बरंच. फडावर यंत्र आणलं तर ठेवणार कुठं? मुकादमाच्या कोपीशेजारी. निदान गावात शाळेच्या खोलीत माय एकटी असते.

निळा कंदील
एकटी असते, तरी मुकादमानं सांगितलं तेच दाबते ना?

कोयत्याची लेक
ते ती मला सांगते. आत काय दाबते ते तुम्हाला कुणी सांगितलं?

निळा कंदील
बरोबर. हे मान्य. गुप्त मतदान म्हणतात ते याचसाठी.

सोयाबीन ४८९२
ऊसवाल्याला एफआरपी, कारखान्यानं द्यायचाच असा ठरलेला दर, तरी हाय. सोयाबीनवाल्याला काय हाय? सांगा.

मास्तर बालाघाट
सोयाबीनदादा, तुमचा वेगळा धागा काढा की.

सोयाबीन ४८९२
काढला होता. कुणीच आलं नाही.

बिनसरकारी
ताईंनी लिहिलं तेच मला पहिल्यापासून खुपतंय. सक्ती कागदावर सगळ्यांना सारखी, पण ती अंगावर येते ती ज्याच्या डोक्यावर आधीच कुणाची तरी सक्ती आहे त्याच्या. माझं न जाणं हा फक्त माझा निषेध, मायच्या वतीनं मी काही ठरवत नाही. त्यांनी जावं, न जावं, मुकादमाला फसवून दाबावं. हवं तर शिरा ताणून सांगतो की दंडाविरुद्ध त्यांच्या बाजूनं कोर्टात उभा राहीन.

निळा कंदील
सरकार मानत नाही आणि कोर्टात उभे राहणार. छान.

बिनसरकारी
स्पेनमध्ये आमचे तर १९३६ च्या नोव्हेंबरात मंत्रीसुद्धा झाले. चार जण. त्यावरून आमच्यात आजतागायत भांडणं आहेत. तुम्ही नवीन काही टोचलं नाहीत.

मास्तर बालाघाट
ठीक आहे, दंड नको. मायच्या वयाच्या बाईकडून शंभर रुपये वसूल करायला मला पाठवलं तर मीही जाणार नाही. पण खाड्याचं उत्तर कायद्यात आधीच आहे. कलम १३५-ब, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. वकीलसाहेब, बरोबर ना?

वकीलसाहेब हिंगोली
बरोबर. मालकाला दंडही आहे.

कोयत्याची लेक
मालक कोण ते सांगा आधी. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मी मुकादमाला पैसे दिलेत. मुकादम म्हणतो, मीच कर्जात आहे. सुट्टी मागायची कुणाकडं? जिल्हा परिषदेची निवडणूक परत हंगामातच लागली तर परत पिकअपच येणार.

वकीलसाहेब हिंगोली
यावर माझ्याकडं आज उत्तर नाही. तालुक्याला या, कागद बघू.

बिनसरकारी
बघा, मालकच सापडत नाही आणि मतदार मात्र यादीत बरोबर सापडतो. मी सुरुवातीपासून दुसरं काय म्हणत होतो?

मास्तर बालाघाट
तुम्ही सुरुवातीला स्पेनचं सांगत होतात. वर जाऊन वाचा.